प्रार्थना करतो हं

ग्रंथपालबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या तेव्हा मशीनवाला तिसऱ्या बाकावर बायकोशेजारी बसून जेवणाचा विचार करत होता. चर्चमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी कुणी ना कुणी साक्ष द्यायचं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. बहुतेक साक्षी लांबायच्या आणि मशीनवाल्याची भूक वाढायची.

पण बाई लांबण लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. शाळेच्या वाचनालयात वीस वर्षं मुलांना 'हळू बोला' म्हणून म्हणून त्यांचा स्वतःचाच आवाज हळू झाला होता. सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"माझे मिस्टर त्रेचाळीस दिवस बेशुद्ध होते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी मला दोनदा बाजूला घेऊन मनाची तयारी करायला सांगितलं. आज ते घरी आहेत. खुर्चीत बसतात, आपल्या हाताने जेवतात. देवाचे आभार. आणि आपल्यातल्या एका माणसाचेही आभार मानायचे आहेत. त्यांनी मला सांगितलं होतं, मी रोज सकाळी सहा वाजता तुमच्या मिस्टरांचं नाव घेऊन प्रार्थना करतो. त्या दिवसापासून मीही सहाला उठून त्यांच्या पलंगाशी बसायला लागले. एकटी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मशीनवाले भाऊ, जरा उभे राहता का?"

मशीनवाला उभा राहिला. म्हणजे पाय उभे राहिले, बाकीचा तो बसल्या जागीच राहिला असता तर बरं झालं असतं. माना वळल्या. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून त्याच्याकडे बघून मान डोलावली. मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हणालं आणि मग सगळेच म्हणाले. त्याचे कान तापले. बायकोने गीतांचं पुस्तक उघडलं आणि त्यात नाक खुपसलं.

कारण तिला माहीत होतं. रोज सकाळी सहा वाजता मशीनवाला गाढ झोपलेला असतो.

त्याचा धंदा घरोघरी जाऊन कपडे धुण्याची मशीन दुरुस्त करण्याचा. मशीन नेहमी घराच्या आतल्या कोपऱ्यात असतं, स्वयंपाकघरात नाहीतर न्हाणीघरात. तिथे फरशीवर आडवा होऊन, मशीनच्या पाठीमागे डोकं घालून तो काम करायचा, आणि त्याचं तोंड दिसत नसल्यामुळे की काय, लोक त्याच्याशी बोलायला लागायचे. कुणाची गाठ तपासायला दिलेली असायची, कुणाचा मुलगा घर सोडून गेलेला असायचा. मोटार सुटी करता करता मशीनवाला "हं, हं" करायचा. पंचाईत व्हायची ती शेवटी. समोरचा माणूस डोळे पुसत उभा असताना हत्यारांची पेटी बंद करून चालू लागणं त्याच्या जिवावर यायचं. त्यासाठी एक वाक्य हवं होतं, आणि ते त्याला सापडलं होतं.

"प्रार्थना करतो हं."

ते वाक्य पेटीच्या झाकणासारखं बसायचं. जे चर्चला जात नसत तेही म्हणायचे, "करा हो, नक्की करा." आणि दार उघडायचं.

सुरुवातीला तो खरंच करायचा, हेही सांगायला हवं. दोन घरांच्या मधल्या रस्त्यात, स्कूटरवर, डोळे उघडे ठेवून. मग गिऱ्हाइकं वाढली, कानाला फोन लागला, आणि त्या मधल्या रस्त्यात पुढच्या मशीनचा विचार येऊन बसला. प्रार्थना निघून गेली आणि वाक्य मागे राहिलं. ती कधी गेली ते त्याला कळलंही नाही.

बाईंकडे तो गेला ते तीन महिन्यांपूर्वी, मिस्टर बेशुद्ध पडले त्याच आठवड्यात. हॉस्पिटलच्या चादरी घरी आणून धुता धुता मशीनचा पट्टा तुटला होता. काम आटोपून त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं, तर बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही खरंच करता का? की असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणता?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मशीनवाल्याला अजून दोन घरं गाठायची होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "करतो म्हणजे? रोज सकाळी सहा वाजता. तुमच्या मिस्टरांचं नाव घेऊन."

सहाच का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आठ वाजता म्हटलं तर आळशी वाटलं असतं, एवढंच.

त्या रविवारी घरी येताना बायको चार पावलं पुढे चालत होती. ती घरी शाळांचे गणवेश शिवायची आणि एरवी तिला टाक्याटाक्याला बोलायला लागायचं. कोपऱ्यावर वळल्यावर ती म्हणाली, "सहा वाजता."

"हं."

"सहा वाजता तुम्ही असे घोरता की वरच्या मजल्यावरच्यांना गजर लावावा लागत नाही."

मशीनवाल्याने मान खाली घातली.

"तिथल्या तिथे सांगायचं होतं," ती म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"मग कधी सांगणार?"

तो उलटा तिच्यावरच गेला. "तू तरी करतेस का सगळ्यांसाठी?"

"नाही करत. पण करते असं म्हणतही नाही."

संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. चर्चच्या मंडळीत प्रार्थनेचा एक गट सुरू करायचा आहे आणि तो तुम्हीच चालवायचा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मशीनवाला "बघतो" म्हणाला. सोमवारी दिवसभरात तीन जणांनी त्याला वाटेत थांबवून आपापली दुखणी सांगितली. एकीने तर त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तुमचं देव ऐकतो." त्याला हात सोडवून घ्यावासा वाटला, पण तसंही करता येईना.

मंगळवारी त्याने पावणेसहाचा गजर लावला. बायको झोपेतच कुशीवर वळली. तो स्वयंपाकघरात जाऊन गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि म्हणाला, "प्रभू, ते आपले ग्रंथपालबाईंचे मिस्टर..."

आणि अडला. त्यांचं नाव काय?

त्याने डोकं खाजवलं. तीनदा तो त्या घरी गेला होता. भिंतीवरचा फोटो आठवला, दारावरची बेल आठवली, मशीन कुठल्या सालचं आहे तेही आठवलं. पाटीवरचं नाव काही केल्या आठवेना. नाव घेऊन प्रार्थना करतो म्हणून सांगितलं आणि नावच माहीत नाही. शिवाय तो माणूस आता बरा होऊन घरी खुर्चीत बसला होता. आता त्याच्यासाठी हात जोडणं म्हणजे गाडी निघून गेल्यावर धावत जाऊन तिकीट काढण्यासारखंच होतं. मशीनवाला दहा मिनिटं तसाच बसून राहिला. फरशी गार होती. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, आणि ती बघायला तिथे कुणी नव्हतं. कुणी नव्हतं असं तरी कसं म्हणावं, तो देवासमोर बसला होता.

गुरुवारी तो बाईंकडे गेला. पट्टा नीट बसलाय का ते बघायला आलो, असं दारात म्हणाला.

मिस्टर खिडकीशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. त्यांनी डावा हात उचलून नमस्कार केला. बोलायला त्यांना वेळ लागायचा. ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचा. "या," ते म्हणाले.

मशीन ठणठणीत होतं. तरी मशीनवाल्याने मागचं पत्र्याचं झाकण काढलं, पट्टा बोटाने दाबून बघितला, झाकण परत लावलं. बाईंनी ओट्यावर चहा ठेवला. उठून तो चहाला हात न लावता म्हणाला, "बाई, मी सहा वाजता प्रार्थना करत नव्हतो."

"मग किती वाजता?"

"नव्हतोच करत. एकदाही नाही. तुम्ही विचारलंत, आणि मला घाई होती. म्हणून बोलून गेलो."

बाईंनी गॅस बंद केला. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. हिशोब लागत नसलेल्या मुलासारखा होता.

"त्यांचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

मशीनवाल्याने चहाच्या कपाकडे बघितलं.

"माझ्या मिस्टरांचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

बाहेरच्या खोलीत मिस्टरांच्या खुर्चीचा आवाज झाला. बाईंनी दार हळूच लोटलं आणि आणखी हळू आवाजात बोलल्या. "हॉस्पिटलमध्ये त्या लोखंडी बाकावर झोपत होते मी. पावणेसहाला उठायचे, तोंडावर पाणी मारायचे. मला वाटायचं, तिकडे कुणीतरी उठलंय. दोघं आहोत. भाऊ, त्रेचाळीस दिवस बाईमाणसाने कशाच्या जोरावर काढले, ठाऊक आहे? ह्याच्या. आणि आता तुम्ही सांगताय की तिथे कुणी नव्हतंच."

"मला राहवेना, बाई. तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत आणि..."

"आणि तुम्हाला जड झालं. खरंय. मग इथे येऊन सांगितलंत. तुमचं हलकं झालं असेल." त्यांनी चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. रागाने नव्हे, तो कुणी पिणार नव्हतं म्हणून. "जा तुम्ही आता."

मशीनवाला जिने उतरला. हलकं काही झालं नव्हतं. आत्तापर्यंत आपण खोटं बोललो एवढंच त्याच्या मनाला खात होतं. आता कळलं की खरं बोलून आपण त्या बाईच्या हातून तिचे ते त्रेचाळीस दिवसही काढून घेतले.

तसाच तो पाळकसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. गट दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणाला. हवं तर येत्या रविवारी मी उभा राहून सगळ्यांना सांगतो. पाळकसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गटाचं मी बघतो," ते म्हणाले. "पण उभं राहून बोलायचं ते त्यांना विचारल्याशिवाय नाही. साक्ष त्यांची होती. एकदा तुम्ही आपल्या सोयीसाठी बोललात, एकदा आपल्या मनासाठी. तिसऱ्यांदा तरी थांबा."

म्हणजे तेही दार बंद झालं. मंडळी त्याला भला माणूस समजत राहिली आणि त्याला ते मुकाट्याने सोसावं लागलं. बाई रविवारी आपल्या नेहमीच्या बाकावर येऊन बसायच्या, आणि उपासना संपल्यावर बाजूच्या दाराने निघून जायच्या.

मशीनवाल्याने मनाशी ठरवलं की ते वाक्य पुन्हा तोंडातून काढायचं नाही. तोंडाला कुलूप. आठवडाभर त्याने ते पाळलं. लोक बोलायचे, तो "हं" करायचा, पेटी मिटायचा आणि निघायचा. घरी येऊन जेवायचा नाही धड. बायको म्हणायची, "तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं कुणी? खोटं बोलू नका एवढंच होतं ना?"

मग एक दिवस तो एका बसड्रायव्हरच्या घरी गेला. मशीनमधून पाणी जात नव्हतं. न्हाणीघरात दोन माणसं जेमतेम मावत होती. ड्रायव्हर बादली धरून उभा होता आणि सांगत होता की त्याची सोळा वर्षांची मुलगी चार महिने त्याच्याशी बोललेली नाही. एकाच घरात. ताट वाढते, पण बोलत नाही. चूक त्याचीच होती. काय चूक ते त्याने सांगितलं नाही. मशीनवाल्याने पंप उघडला. आत मोजा अडकला होता. तो काढला, पंप बसवला, पाणी खळखळत निघून गेलं. आता पेटी मिटायची वेळ आली.

वाक्य गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच अडलं. ड्रायव्हर बादली धरून उभाच होता. त्याला काही मागायचं नव्हतं, पण तो दारातून हलतही नव्हता.

"आत्ता करू का?" मशीनवाल्याच्या तोंडून निघालं.

"काय?"

"प्रार्थना. तुमच्या मुलीसाठी. नंतर माझ्याकडून होत नाही."

ड्रायव्हरने इकडेतिकडे बघितलं. "इथे? न्हाणीघरात?"

"आपण इथेच आहोत म्हणून. तिचं नाव काय?"

ड्रायव्हरने नाव सांगितलं. मग ते नाव कुणी ठेवलं, त्यावरून घरात कसं भांडण झालं होतं, आणि लहानपणी ती आपलं नाव कसं बोबडं म्हणायची तेही सांगितलं, आणि सांगता सांगता हसला. मशीनवाल्याने ओले हात पँटला पुसले. प्रार्थना चार वाक्यांची झाली. मधल्या वाक्याचं व्याकरण चुकलं. पण मुलीचं नाव त्याने तीनदा घेतलं आणि एकदाही अडखळला नाही. "आमेन" झाल्यावर ड्रायव्हरने नाक पुसलं आणि म्हणाला, "मग मशीनला काय झालं होतं?"

"मोजा. एकच होता. दुसरा शोधा कुठेतरी."

स्कूटर सुरू करताना मशीनवाल्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. चर्चमधलंच एक गीत, तेही वरच्या पट्टीत. छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. पूर्वी, अगदी सुरुवातीला, रस्त्यात डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायचा तेव्हा असंच वाटायचं, ते त्याला आठवलं. आणि लगेच बाईंनी मोरीत ओतलेला चहा आठवला आणि गाणं थांबलं. ज्या बाईला आपण पोरकं केलं तिच्यामुळे हे सुख आपल्या पदरात पडावं, हे त्याला चोरीच्या मालासारखं वाटलं.

पण सोडवेना. पुढे तो जिथे जाईल तिथे नाव विचारू लागला. आजारी आजीचं, परीक्षेला बसलेल्या पोराचं, एकदा तर हरवलेल्या मांजराचं. तिथल्या तिथे, पेटी मिटायच्या आधी, दोन-चार वाक्यं. एका म्हातारीने विचारलं, "एवढंच?" तेव्हा त्याने आणखी एक जोडलं. एक बाई म्हणाली, "नको, तुम्ही मशीन तेवढं नीट करा," आणि त्याला तेही आवडलं, कारण तिने निदान खरं सांगितलं होतं. संध्याकाळी तो बायकोला दिवसभरातली नावं सांगायचा. ती सुईत दोरा ओवता ओवता ऐकायची, आणि काही दिवसांनी तीच विचारायला लागली, "त्या मांजराचं काय झालं?"

आनंद रोज होत होता आणि रोज टोचत होता. रविवारी बाईंची पाठ दिसली की गीताची ओळ त्याच्याकडून चुकायची.

दीड महिन्याने बाईंचा फोन आला. आवाज कोरडा होता. "मशीन गळतंय. दुसरा माणूस मिळाला नाही."

मिस्टर आता काठी घेऊन उभे होते. मशीनखाली पाण्याचं थारोळं पसरलं होतं. मशीनवाला फरशीवर आडवा झाला आणि मागे डोकं घातलं. पाणी जायची नळी सांध्याशी चिरली होती. त्याचं तोंड दिसत नव्हतं, आणि बाई बोलायला लागल्या.

"तुम्ही गेलात त्यानंतर तीन आठवडे मी सकाळी उठलेच नाही. रागाने. प्रार्थनाच बंद केली. ह्यांना कळलं. म्हणाले, का? मग सगळं सांगितलं. ह्यांनी बराच वेळ घेतला, तुम्हाला माहीत आहे बोलायला किती वेळ लागतो. म्हणाले, तिथलं मला काही आठवत नाही, पण सकाळचा तुझा आवाज आठवतो. फक्त तुझाच."

मशीनवाल्याने नळी सोडवली नाही. तसाच पडून राहिला.

"आता मी उठते परत," बाई म्हणाल्या. "कुणाच्या भरवशावर नाही. मजा वाटते मला. ह्या वयात मजा वाटते म्हणायला लाज वाटते, पण वाटते. ह्यात तुमचा काही हात नाही, हे लक्षात ठेवा."

"हो, बाई."

"आणि माफ केलं असं मी म्हणत नाही. अजून नाही. म्हणायचं म्हणून मी काही म्हणणार नाही."

"नका म्हणू," मशीनवाला मशीनमागून म्हणाला. "पाळकसाहेबांना मी सांगितलंय. मंडळीत सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

"बघू. मला विचारताहेत सगळे, गट कुणी चालवायचा म्हणून. मीच घेईन म्हणते."

नळी बदलून तो उठायला गेला तर पाठीत उसण भरली. एक हात मशीनवर आणि एक गुडघ्यावर ठेवून तो अर्ध्यातच अडकला. तेवढ्यात काठी टेकत मिस्टर दारात आले. त्याच्याकडे बघून त्यांचे ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"मी... करतो," ते म्हणाले. "आत्ता."

त्यांनी डावा हात मशीनवाल्याच्या खांद्यावर ठेवला. काठी भिंतीला टेकवून ठेवली होती ती घसरून पडली, कुणी उचलली नाही. "प्रभू," ते म्हणाले, आणि थांबले. पुढचा शब्द येईपर्यंत नळातून पाणी ठिबकल्याचा आवाज येत राहिला. "ह्याची... पाठ." पुन्हा बराच वेळ. मशीनवाला वाकलेलाच होता, घाम फुटला होता, आणि सुटका व्हावी असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. "आणि... ह्याचं... मन." बाईंनी पोछा हातात तसाच धरून डोळे मिटले होते. "आमेन" आला तेव्हा थारोळं सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत पोहोचलं होतं.

पाठ काही लगेच सुटली नाही. स्कूटरवर बसता येईना, ती ढकलत घरी यावं लागलं. बायकोने तेल चोळता चोळता सगळं ऐकून घेतलं.

"माफ केलं त्यांनी?"

"अजून नाही म्हणाल्या. पुढच्या महिन्यात बेअरिंग बघायला बोलावलंय."

"म्हणजे येणंजाणं आहे," बायको म्हणाली.

त्याला हसू आलं. हसताना अपराधी वाटलंच, पाठीतून कळही गेली. पण त्या दिवशी जेवण मात्र नेहमीपेक्षा जास्त गेलं.